सुपारीचा कोंब

शेजारचे एक कारकून हळू बोलत आणि वाक्याच्या शेवटी ‘बघू’ म्हणत. कोकणातून आणलेल्या पिकल्या सुपाऱ्या ते तुपाच्या डब्यात पेरत, आणि नाशिकच्या थंडीत त्या दरवर्षी कुजत. आणीबाणी उठली त्या वर्षीच्या हिवाळ्यात त्यांनी गॅलरीतल्या डब्याला घरातली एकुलती जाड गोधडी गुंडाळली. आत त्यांची बायको तापानं कुडकुडत होती.

“गोधडी वहिनींना द्या,” मी म्हणालो.

“बी गारठेल हो. दुसरी आणतो, बघू.”

वहिनीच आतून म्हणाल्या, “राहू द्या, भाऊजी. मूल जगलं नाही, हे तरी जगू दे.”

माघात वहिनी न्यूमोनियानं गेल्या. चैत्रात पहिला कोंब आला तेव्हा मी गॅलरीतच होतो. डब्यावर वाकून त्यांनी सवयीनं हाक मारली, “अगं, बाहेर ये.” आणि दाराकडे बघत तसेच उभे राहिले.