पाकिटाची बाहेरची बाजू

नाशिकात रविवार कारंजाजवळच्या एका लग्नपत्रिकांच्या दुकानात मी पाकिटांवर नावं लिहिते. पत्रिका छापून येते, पण काही घरांना पाहुण्यांची नावं हातानेच लिहून हवी असतात, वळणदार, सोनेरी शाईत. श्री. व सौ. अमुक तमुक, सहकुटुंब सहपरिवार. दिवसभर मी दुसऱ्या बायकांच्या नावाआधी सौ. लिहायचे आणि संध्याकाळी सिडकोत आईच्या घरी आले की माझ्या मुलीसाठी पाकीट करायला बसायचे.

मुलगी तेव्हा पहिलीत होती. मनमाडला, तिच्या वडिलांकडे. ते रेल्वेत आहेत. आमच्यात भांडणं आधीपासूनच होती, पण मी घर सोडलं नव्हतं. आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं म्हणून नाशिकला आले, शाळा बुडू नये म्हणून मुलीला तिथेच ठेवलं. आईच्या डोळ्यावरची पट्टी निघाली तशी परत गेले, तर दाराला आतून कडी. सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, आता काय बोलायचं ते कोर्टात बोल. आत टीव्हीवर कार्टून लागलं होतं. मी दार वाजवत राहिले, मुलीला हाक मारत राहिले. मग कोणीतरी कार्टूनचा आवाज वाढवला.

त्यानंतर फोन लागेना. दोघांनीही माझा नंबर ब्लॉक केला होता. शाळेत गेले तर बाईंनी मला बाहेरच्या बाकावर बसवून पाणी दिलं आणि कोर्टाचा कागद आणा म्हणाल्या. वकील मॅडमनी अर्ज केला, तारखा पडायला लागल्या. तारीख म्हणजे काय ते तिथे गेल्याशिवाय कळत नाही. सकाळपासून जिन्यात उभं राहायचं आणि दुपारी पुढची तारीख ऐकून घरी यायचं.

तोवर पत्र लिहायचं ठरवलं. पाकिटावर मुलीचंच नाव घातलं, आत चार पानं लिहिली, रजिस्टर पोस्टाने पाठवलं. पाकीट परत आलं. लाल पेनाने लिहिलेलं, घेण्यास नकार. दुसरं आलं, तिसरं आलं. तिसरं हातात घेऊन मी स्वयंपाकघरात बसले होते. आई म्हणाली, फोड तरी, काय लिहिलंयस ते वाच. मला ते फोडवेना. डिंक जसाच्या तसा होता. आतलं एक अक्षर तिच्यापर्यंत जाणार नव्हतं. पण नको म्हणायला तरी कोणीतरी ते पाकीट बघत असणार, दारात, उजेडात. ते कोणीतरी एखाद्या वेळी तीही असेल. म्हणून मी आत लिहायचं सोडलं. जे काय सांगायचं ते बाहेर.

मोठं पाकीट घेतलं. मागच्या गल्लीतलं तिचं मांजर काढलं, पुलावरून दिसणारी रेल्वेगाडी काढली, आणि दोन वेण्यांची ती, माझं बोट धरून. खाली तिरक्या टोकाच्या कट निबने मोठ्या अक्षरांत लिहिलं, ‘मी येते.’ तिला जोडाक्षरं येत नव्हती, म्हणून जोडाक्षर नसलेलेच शब्द निवडायचे. तिचा घ आणि ध यांच्यात गोंधळ व्हायचा. ‘घर’ लिहिताना मी घ असा काढायचे की तो दुसरं काही वाटूच नये. दुकानात शेकडो नावं लिहिणारी मी, त्या एका अक्षरापाशी रडायला लागायचे. शाईवर पाणी पडलं की सगळं पुन्हा.

पोस्टाच्या खिडकीतल्या बाईंनी पहिल्या चित्राच्या पाकिटाला बारकोडचं स्टिकर लावलं ते नेमकं मुलीच्या तोंडावर. माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, काही चुकलं का. पुढच्या वेळी म्हणाल्या, वरचा कोपरा मोकळा सोडत जा, पत्ता स्वच्छ असू दे, बाकी कुठे काय काढायचं ते काढा. मग मी त्या कोपऱ्यात खिडकीची चौकट काढायला लागले. स्टिकर तिच्यात बसायचं.

सगळी परत येत होती. वकील मॅडम म्हणाल्या, ताई, एकही फेकू नका, आपल्याला पुरावा म्हणून लागतील. मी पिशवी भरून नेऊन दिली. पुढच्या वेळी ऑफिसात गेले तेव्हा ती पाकिटं फाइलला लागलेली होती. कारकुनाने पंचिंग मशीनने भोकं पाडली होती, एक मांजराच्या पोटात, एक आमच्या दोघींच्या हातांच्या मधोमध. त्याची चूक नव्हती. फाइल तशीच लावतात. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले.

भेटीचा आदेश झाला. मुलीला कोर्टातल्या मुलांच्या खोलीत आणायचं, अर्धा तास. पहिल्या वेळी आणलंच नाही, ताप आहे म्हणाले. दुसऱ्या वेळी परीक्षा निघाली. तिसऱ्या वेळी ती आली.

खोलीत प्लास्टिकची घसरगुंडी होती आणि भिंतीवर फुगे रंगवलेले. ती दाराशी उभी राहिली. मला आधी ती ओळखूच आली नाही. एवढंसं तोंड, मानेपर्यंत कापलेले केस. मी हात पुढे केले तर ती घसरगुंडीमागे गेली. मी खाली बसले. रंगपेटी आणली होती ती तिच्याकडे सरकवली. तिने हात लावला नाही. मला तर एकेक मिनिट जाताना दिसत होतं.

मग ती म्हणाली, “मम्मी, तू चुकीचं काढतेस.”

मी म्हटलं, “काय चुकीचं काढते, बाळा?”

“वेण्या. माझे केस कधीच कापले. आजी म्हणाली, तुझ्या आईला माहीतसुद्धा नाही.”

म्हणजे पाकिटं ती बघत होती. सगळी बघत होती. आणि दर वेळी बघत होती की आपल्या आईला आपण कशा दिसतो ते माहीत नाही. मी कसंबसं विचारलं, तुला ती कोण दाखवतं. ती म्हणाली, पोस्टमन काका. ते गाडीवर बसूनच दाखवतात, मग आजी येते. आणि मांजर छान काढलंस, असं तिने मला सांगितलं. मी विचारलं, केसांना हात लावू का. तिने थोडा विचार केला आणि डोकं पुढे केलं. मानेवर मऊ बारीक केस होते. तेवढ्यात बाहेरच्या बाईंनी वेळ झाली म्हणून सांगितलं. जाताना तिने मागे बघितलं नाही. तिचा हात घट्ट धरलेला होता, हेही खरं.

त्या आठवड्यात मी आखूड केसांची मुलगी काढली. कितीदा काढली. कधी आठवत असलेला चेहरा जुना निघायचा, कधी नवा नीट आठवायचा नाही. शेवटी पाठीमागून काढली, मानेपर्यंत केस, समोर गाडी.

तेही पाकीट परत आलं. पण शेरा वेगळा होता. घर सोडून गेले.

मी मिळेल ती बस धरून मनमाडला गेले. दाराला बाहेरून कुलूप. शेजारणीने खिडकी अर्धी उघडून सांगितलं की बदली झाली, सामान गेलं, कुठे ते आम्हाला सांगितलं नाही. पोस्टात विचारत विचारत पोस्टमन गाठला. वयाने माझ्या मोठ्या भावासारखा माणूस. पाकीट बघूनच त्याने मला ओळखलं. म्हणाला, “ताई, घेत नाय म्हणल्यावर मला तसं लिहावंच लागतं. पण पोरीला मी दाखवायचो.”

मी म्हटलं, तिने सांगितलं मला.

तो गाडीचा आरसा नीट करत राहिला. मग म्हणाला, “जायच्या आधी विचारत होती, काका, नव्या गावाला तुम्हीच येणार ना.”

मी त्याला काय उत्तर दिलंत असं विचारलं नाही.

पत्त्यासाठी पुन्हा अर्ज, पुन्हा तारखा. समोरचे वकील वेळ मागून घ्यायचे. तोवर पाकिटं कुठे पाठवायची तेच माहीत नव्हतं. तरी मी करत होते, न करून जमत नव्हतं. आई रात्रीचं जेवण झाकून ठेवायची आणि झोपायला जायची. एकदाच म्हणाली, अगं, तुझी बोटं बघ. निबने बोटाला घट्टा पडला होता आणि तो फुटला होता.

पत्ता शेवटी मिळाला, भुसावळचा. पहिलं पाकीट पाठवलं आणि ते परत येण्याची वाट बघायला लागले. आलं नाही. दुसरं नाही, तिसरंही नाही. वकील मॅडमना बरं वाटलं, घेतायत म्हणजे चांगलंच आहे म्हणाल्या. आई म्हणाली, देत असतील पोरीला. मला तसं वाटत नाही. परत यायची तेव्हा निदान दारापर्यंत गेलेली असायची, आणि दारात मुलगी असायची. आता कोण घेतं, घेऊन कुठे टाकतं, काही कळत नाही. तिकडचा पोस्टमन कसा आहे, थांबतो का, गाडीवर येतो की सायकलवर, तेही माहीत नाही. भेटीसाठी भुसावळहून नाशिक लांब पडतं असं समोरच्यांनी कोर्टात सांगितलंय. पुढची तारीख दिवाळीच्या सुट्टीनंतर आहे.

काल दुकानात असताना पोस्टाचा मेसेज आला की गेल्या आठवड्याचं पाकीट पोचलं. पोचलं एवढंच. कोणाच्या हातात दिलं ते त्यात नसतं. मालकांनी संध्याकाळपर्यंत हवी म्हणून आडगावच्या एका लग्नाची पाकिटं समोर ठेवली होती. पहिल्याच नावावर सोनेरी शाई पसरली. मी ते पाकीट बाजूला ठेवलं, निब पुसली आणि दुसरं घेतलं.