मायची एकनळी

माझ्या सासूच्या बंदुकीसाठी मी चुकीची काडतुसं नेली. डब्यात दोन पुड्या होत्या, एकीत मळकट हिरवी काडतुसं, दुसरीत लालभडक. रानडुकरासाठी मोठ्या छऱ्यांची हिरवी न्यायची होती, मी पोपट उडवायची लाल नेली. का, तर ती जास्त जोरदार दिसत होती. माझं सगळं आयुष्य नागपूरच्या गांधीबागेत ठोक कापडाच्या दुकानात गेलं, आमचं घराणं त्याआधी हातमागावर बसणारं. रंग बघून माल उचलायचा, ही सवय हाडात गेलेली. साडीच्या बाबतीत ती चालते. त्या सकाळी काय घडलं ते सांगायचंच आहे, पण आधी ती बाई कोण होती, ते सांगतो.

अनुसयाबाई मागच्या महिन्यात गेल्या. वैशालीचा, म्हणजे माझ्या बायकोचा, दुकानात फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकासमोर ब्लाउजपीसचा गठ्ठा सोडत होतो. ती म्हणाली, "माय गेली." मी म्हणालो, "कुठं?" खरंच विचारलं. इतक्या वर्षांत माय घरातून गेली म्हणजे शेतावर गेली, दुसरं कुठं जाताना मी तिला पाहिलंच नव्हतं. ती रडायला लागली, तेव्हा समजलं. चूल पेटवून, चहाचं आधण ठेवून भिंतीला टेकून बसली, ती तशीच. शेजारणीला आधणाचा करपलेला वास आला म्हणून ती आत डोकावली.

सासूला अहोजाहो करतात, मीही करायचो. पण सगळं गाव तिला माय म्हणायचं आणि 'माय' या शब्दापुढं 'त्या' काही लिहवत नाही. म्हणून इथं 'ती'च लिहितो. असती तर तिनं हे वाचलंही नसतं. पेपर ती मिरच्या वाळवायला वापरायची.

कुहीच्या पुढं, उमरेडच्या जंगलाकडून येणाऱ्या नाल्याला लागून तिचं धानाचं शेत. सासऱ्यांकडे पीक राखायच्या परवान्याची एकनळी बंदूक होती. सासरे वारले तेव्हा सगळ्यांनी ठरवलं की बंदूक ठाण्यात जमा करून टाकावी. मायचा मुलगा मौद्याला वीजकेंद्रात पाळीवर, तो काही राखणीला बसणार नव्हता. माय कोपऱ्यात गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "जमा करा ना. डुकरं बी जमा करून घेतीन काय ठाण्यात?" परवाना तिच्या नावावर झाला. दरवर्षी डुकरं माजली की ती वनखात्याकडे अर्ज करायची, मंजुरी आली की मोहाच्या झाडावरच्या मचाणीवर जाऊन बसायची. लुगड्याचा काष्टा, अंगात सासऱ्यांचा जुना स्वेटर आणि मांडीवर बंदूक. डुकराशिवाय कशावर तिनं नळी रोखली नाही. चितळांचा कळप धानात शिरला तर ती मचाणीवरून त्यांना शिव्या द्यायची, आणि त्या शिव्या ऐकून चितळं खरोखर जायची. मीही गेलो असतो.

लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात मी हट्टानं तिच्यासोबत मचाणीवर बसलो. सूर्य मावळतीला लागला होता. नाल्याच्या काठावर चितळं चरत होती. मी खिशातून चिवडा काढून कोरडाच तोंडात टाकला आणि मला उचकी लागली. त्याच वेळी एका चितळानं मान उंचावली... मग सगळ्यांनी. काडी मोडावी तसा एक आवाज आला, त्यापाठोपाठ कर्कश ओरडणं, आणि पुरा कळप एका झेपेत दिसेनासा झाला. झुडपं हलली नाहीत. नुसताच तिथल्या सावलीचा एक तुकडा सुटा झाला आणि धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, आमच्या झाडाकडे चालत यायला लागला. वाघ. मायनं आधी बंदूक उघडली, काडतूस काढून पदरात घेतलं, की चुकूनही बार निघायला नको. तेवढ्यात मला दुसरी उचकी आली. सासूनं जावयाच्या अंगाला हात लावायचा नसतो, अशी त्या घरातली रीत. तिनं माझ्या तोंडावर पंजा दाबून धरला. दिवसभर मिरच्या तोडलेला पंजा. ओठ पेटले, नाक पेटलं, डोळ्यांतून धारा लागल्या. खाली वाघ थांबला. त्यानं वर पाहिलं. पिवळे डोळे, निवांत, दुकानात भाव न करता बघणाऱ्या गिऱ्हाइकासारखे. माझी तिसरी उचकी मायच्या पंजात फुटली. किती वेळ गेला माहीत नाही... मग तो तसाच, न घाबरता, तुरीच्या ओळीत निघून गेला. मायनं हात काढला, माझ्याकडे पाहिलं.

"रडून काहून राहिले जवाई? गेला ना तो."

तिला वाघाचं भय नव्हतं असं नाही, पण राग नव्हता. "थो हाये मनून डुकरं आवाक्यात हायेत," असं म्हणायची. तिचं वैर होतं ते डुकरांशी, आणि तेही हिशोबाचं. एक नियम मात्र पक्का. लागलेलं जनावर सोडून घरी यायचं नाही. "अर्धं मेलेलं डुक्कर थ्या दिवशी कोनाचा जीव घेईन, सांगता येत नाई," ती म्हणायची. मी मान डोलवायचो. मला वाटायचं, हे ऐकण्यापुरतंच आहे.

आता ती सकाळ. दिवाळी होऊन गेली होती, धान पिवळंधम्मक. कापणी अर्ध्यावर आली होती, मधोमध कमरेएवढ्या धानाचा एक पट्टा तेवढा उभा राहिला होता. एक मोठा सुळेवाला नर रोज पहाटे येऊन तो पट्टा लोळवून जायचा. आणि उन्हं वर आली की कौसाबाई तिच्या कापणीच्या मजूर बाया घेऊन तोच पट्टा कापायला येणार होती. माय बंदूक घेऊन अंधारातच पुढं गेली. जाताना मला म्हणाली, "डब्यातून डुकराचे दोन काडतुसं आना, अन् चहा." चहा मी बरोबर नेला.

मचाणीवर पोचलो तेव्हा नुसतं करडं उजाडलं होतं. तिनं हात पुढं केला, मी एक काडतूस ठेवलं, तिनं न बघता भरलं. तिची चूक झाली असेल तर एवढीच. थोड्या वेळानं नाल्याकडून तो आला. आधी फुरफुर ऐकू आली, मग धानाची कणसं एका रेषेत हलली, मग पाठीवरचे ताठ केस. मायनं श्वास धरला. बार झाला. डुक्कर पडायला हवं होतं. ते किंचाळलं, स्वतःभोवती फिरलं आणि उभ्या धानाच्या पट्ट्यात शिरलं.

मायनं नळी उघडली. काडतुसाचं टरफल तिच्या मांडीवर पडलं. आता उजेड बऱ्यापैकी होता. तिनं ते उचलून पाहिलं, मग मला म्हणाली, "दुसरं दाखवा." मी मूठ उघडली. लाल. तिनं शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं ते काडतूस घेतलं, भरलं आणि झाडावरून उतरताना म्हणाली, "बायाईले पल्याडच्या धुऱ्यावरच अडवा. डुक्कर लागलेलं हाये मना. धावू नोका, चाला. मी याले इथीच धरून ठेवतो."

मी धावलो. पहिल्याच बांधीत, धानाच्या खाचरात, चिखलात चप्पल गेली, दुसऱ्या बांधीत दुसरी. अनवाणी पलीकडच्या धुऱ्यावर चढलो तर कौसाबाई आणि तिच्या सात-आठ जणी विळे घेऊन गप्पा मारत समोरून येत होत्या.

"थांबा! डुक्कर आहे धानात!"

"अवो बाई!" कौसाबाई हसली. "डुकराले भेले काय जी जवाई? रोजचाच हाये थो." आणि चालतच राहिली.

मी सांगत होतो, लागलेलं आहे, चिडलेलं आहे. पण नागपूरहून आलेल्या, पायात चप्पल नसलेल्या, गुडघ्यापर्यंत चिखल लागलेल्या माणसाचं कोण ऐकतं? त्यांच्यात आणि त्या पट्ट्यात आता एकच बांधी उरली होती. मग माझ्या डोक्यात अक्कल शिरली. मी दोन्ही हात पसरून ओरडलो, "वाघ! वाघ आहे आत!"

बाया जागच्या जागी थांबल्या. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात त्यातली एक मागं वळली आणि गावाच्या दिशेनं तोंड करून तिनं तीच आरोळी ठोकली.

आमच्याकडं वाघ म्हटलं की माणसं पळतात, हे खरं. पण वाघाकडे पळतात. पाच मिनिटांत गाव धुऱ्यावर होतं. काठ्या, मोटरसायकली, आणि प्रत्येकाचा मोबाइल वर धरलेला. "कुठी हाये? कुठी हाये?" करत माणसं धुऱ्यावरून बांधीत उतरायला लागली. मी कोणाच्या शर्टाला धरत होतो, कोणाला ढकलत होतो, आता "वाघ नाही, डुक्कर आहे" म्हणून ओरडत होतो, आणि ते कोणीच मानत नव्हतं, कारण मी पैसे घेऊन वाघ लपवतोय असा त्यांचा चेहरा होता. समोर, पट्ट्याच्या त्या बाजूला, माय एकटी उभी होती. तिनं हा सगळा बाजार पाहिला. तिचा चेहरा त्या अंतरावरून दिसत नव्हता, हे माझं नशीब.

गलक्यानं डुक्कर बाहेर निघालं, आणि आमच्याच बाजूला निघालं. खांदा रक्तानं भरलेला, थोबाडावर फेस. मी सगळ्यात पुढं होतो. मायनं बंदूक खांद्याला लावली आणि लगेच खाली घेतली. नळीच्या रेषेत डुकराच्या मागं मी आणि माझ्या मागं सगळं गाव.

"जवाई, बसाऽ!" ती ओरडली.

सासुरवाडीत पंधरा वर्षं मला 'बसा' म्हटलं की पाट-खुर्ची पुढं यायची. मी खरंच आजूबाजूला पाहिलं. उभाच राहिलो. माझ्या मागची माणसं एव्हाना उलटी पळत सुटली होती, माझे पाय मात्र चिखलात रोवल्यासारखे झाले होते. डुक्कर माझ्याकडे तोंड करून थांबलं. मान खाली गेली.

तेव्हा माय पळाली. लुगडं सावरत, धुऱ्यावरून नाल्याच्या अंगाला, म्हणजे डुकराच्या मागं आता आम्ही नाही, नुसतं कापलेलं मोकळं शेत राहील. तिथं थांबून तिनं ढेकूळ उचललं आणि नेमकं डुकराच्या पाठीत मारलं. "इकडे ये! मुडद्या, इकडे ये माह्याकडे!"

ते वळलं. आणि सुटलं.

मला अजून ते दिसतं. ते धावतंय, ती उभी आहे, नळी रोखलेली, आणि बार होत नाही. बारीक छर्रे दुरून नुसते चिडवतात, अगदी जवळून मात्र गोळीसारखे एकगठ्ठा जातात. हे तिला माहीत होतं, मला नव्हतं. मला वाटलं बंदूक अडकली, माझंच काडतूस अडकलं. मी ओरडत होतो, काय ओरडत होतो आठवत नाही. धापा ऐकू येत होत्या... त्याच्या की माझ्या... काठीएवढं अंतर उरलं, तेही गेलं, तेव्हा बार झाला. दोघंही पडली. डुक्कर तिच्या पायांवर, ती धुऱ्याखाली.

कौसाबाई माझ्याआधी पोचली. माय उठून बसली होती. पोटरी सुळ्यानं फाटली होती, रक्त चिखलात उतरत होतं. डुक्कर हलत नव्हतं. तिनं आधी बंदूक उघडली, रिकामी आहे ना पाहिलं, मग धुऱ्यावर गोळा झालेल्या गावाकडे पाहून विचारलं, "वाघ कोन मने?" गावानं एकमुखानं माझ्याकडे बोट केलं.

आता बंदूक ठाण्यात जमा आहे. परवा तेरवीनंतरचं आवरायला गेलो तेव्हा शेतावर एकटाच जाऊन आलो, मोहावर चढलो. मचाणीच्या फळीवर तिच्या बसण्यानं एक गुळगुळीत, खोलगट जागा झाली आहे. बाजूच्या फांदीला सासऱ्यांचा स्वेटर अजून लटकलेला, कोपरावर तिनं लाल धाग्यानं केलेलं रफू. मी त्या खोलगट जागेवर बसलो नाही, तिच्या शेजारी बसलो. नाल्याकडून वारा येत होता. आणि मला त्या बाराचा आवाज आठवला नाही, आठवला कुहीचा सरकारी दवाखाना. पोटरीला टाके घालून झाल्यावर ती खाटेवर पाय पसरून बसलेली. मी समोरच्या बाकावर, अनवाणी, चिखलानं माखलेला, तोंड लपवून. तरुण डॉक्टरीणबाई पट्टी बांधता बांधता म्हणाली, "नशीब समजा आजी, डुक्कर एकच होतं."

माय म्हणाली, "एक कुठचं वं? दोन होते. एकाले पाडलं. दुसरं माह्या पोरीनं पसंत केलं होतं, मनून सोडून देल्लं."