पटावरची काळी फटफटी

आमच्या सडक अर्जुनीकडे धानाची कापणी आटोपली की बैलांचा पट भरायचा. बैलजोड्यांच्या शर्यती संपल्या की त्याच पट्टीवर आम्ही फटफट्या पळवायचो. माझी फटफटी लष्कराच्या लिलावातली, खाकी. लाथा मारून पाय दुखला तरी सुरू होईल याचा भरवसा नाही. राइस मिलवाल्याच्या पोराची मात्र नवीकोरी, काळीभोर, विलायती. तिच्या टाकीत चेहरा बघून लोक केस सारखे करायचे. माझा नुसता जळफळाट व्हायचा.

एका वर्षी पुन्हा तोच जिंकला. त्याचा बाप जुना पटशौकीन. पळून आलेल्या बैलांच्या पायांवर गार पाणी ओतायची त्याची सवय. "लय तापली बिचारी," म्हणत त्याने अख्खी बादली फटफटीवर रिकामी केली. तडकन आवाज झाला आणि इंजिनाला चीर गेली. पोराने कपाळावर हात मारून घेतला. मी खांद्यावरचा दुपट्टा तोंडावर धरला, कारण हसू आवरेना. वाईट वाटलं असं मी आजही म्हणणार नाही.

विलायतेहून सामान काही आलं नाही, म्हणून पुढच्या पटात मी जिंकलो. माझ्या फटफटीच्या दिव्याला हळदकुंकू लागलं, डोक्यावर गुलाल पडला. गर्दीतून माझी बायको पुढे आली, तशी मी मान ताठ केली. ती माझ्या मागे रस्त्याकडे बघत म्हणाली, "काळी फटफटी काऊन नाही आली जी?"