सुळ्यावरचा नेम

सोफावाल्यांच्या तोंडात दिवसभर खिळे असत. एका हातात हातोडी, दुसऱ्या हाताने कापड ताणून धरलेलं, मग बिचाऱ्या खिळ्यांनी जायचं कुठे? ते गालात बसत आणि जिभेच्या टोकावरून एकेक करून बाहेर येत. त्यामुळे गिऱ्हाइकाने काही विचारलं की सोफावाले नुसता हुंकार देत.

"शनिवारी मिळेल का सोफा?"

"हंऽ."

"की रविवारी?"

"हंऽ."

या दोन हुंकारांतला फरक अख्ख्या जगात फक्त त्यांच्या बायकोला कळे, आणि ती तो कुणाला सांगत नसे. कारण दोन्हींचा अर्थ पुढचा महिना असाच होता.

अशा माणसाला तिरंदाजीचं वेड असावं याचं आळीत कुणाला नवल वाटत नव्हतं. दिवसभर कापड ताणणारा माणूस संध्याकाळी दोरी ताणणारच. तिरंदाजी क्लब कापसाच्या एका रिकाम्या गोदामात होता. एका टोकाला उभं राहायची पांढरी रेघ आणि दुसऱ्या टोकाला गवत भरलेल्या जाड गाद्यांवर डकवलेली रंगीत टार्गेटं, मधोमध पिवळा गोल, तिथे बाण बसला की पूर्ण गुण. गाद्या अर्थातच सोफावाल्यांनी शिवलेल्या. बाण त्यांच्यात असे काही आरामात रुतत, की उपटून काढताना बाणालाच उठायचा कंटाळा आलाय असं वाटे.

तर या क्लबात बाकी सगळे चिमटेवाले आणि सोफावाले एकटे बोटवाले. चिमटा हा शब्द सोफावाल्यांचा. बाकीचे त्याला रिलीज म्हणत. मनगटाला पट्टा बांधायचा, पट्ट्याच्या टोकाला लोखंडी जबडा, त्याने दोरी पकडायची, मागे ओढून हात कानाखाली टेकवायचा आणि घोडा दाबायचा. जबडा उघडतो, बाण सुटतो. सोफावाले मात्र चामड्याचा तुकडा मध्ये घेऊन तीन बोटांनी दोरी ओढत, आणि पहिलं बोट ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवून उजव्या वरच्या सुळ्याला टेकवत. बोट सुळ्याला लागलं की नेम जमला. दर वेळी तोच सुळा, तीच जागा, म्हणून बाणही दर वेळी त्याच जागी.

"दोरी बोटांना कळली पाहिजे," ते म्हणत. "चिमट्याने बाण मारायचा, तर मग घास चमच्याने भरवून घ्यायला आई बोलवा."

हे त्यांनी इतक्यांना इतक्या वेळा ऐकवलं होतं, की आता मागे फिरायची सोय उरली नव्हती. क्लबात बोटांचा वेगळा गट होता आणि त्या गटात ते एकटे होते. वार्षिक स्पर्धेत दर वर्षी पहिले तेच, शेवटचेही तेच. दोन्हींचा त्यांना सारखाच अभिमान. पण क्लबचा नियम असा, की गटातल्या निदान एकाने तरी स्पर्धेत निम्मे गुण मिळवले पाहिजेत, नाहीतर तो गट कायमचा बंद आणि त्यातल्यांनी मुकाट्याने चिमटा बांधायचा. सोफावाल्यांना या नियमाची कधी पर्वा वाटली नव्हती. निम्मे गुण ते गप्पा मारता मारता मिळवत.

आणि मग सुळा ठणकायला लागला.

आधी त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. जेवताना घास डावीकडे ढकलू लागले. बायकोने विचारलं, तर "हंऽ" म्हणाले. तेव्हा तोंडात खिळे नव्हते, घास होता, त्यामुळे या हुंकाराचा अर्थ तिलाही लावता येईना. पण बाण कुठे ऐकताहेत? गाल सुजला तशी ओढलेली दोरी बाहेर सरकली आणि बाण डावीकडे जाऊ लागले. एका संध्याकाळी त्यांचा बाण थेट शेजारच्या टार्गेटात, तोही अगदी पिवळ्यात जाऊन बसला.

शेजारच्या टार्गेटावर दातांच्या डॉक्टरबाई सराव करत. चिमटेवाल्याच. त्यांनी तो बाण पाहिला, मग सोफावाल्यांकडे पाहिलं.

"काका, वरचा उजवा सुळा ना?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुमच्या बाणाने. परवा हातभर डावीकडे जात होता, आज दीड हात आलाय. सूज वाढतेय. उद्या दवाखान्यात या."

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी फोटो काढून दिव्यावर धरला. सुळा मुळापर्यंत उभा तडकला होता. वर्षानुवर्षं खिळे धरून आणि शिवणाचा दोरा तोडून त्याची रयाच गेली होती.

"वाचायचा नाही, काका. काढावा लागेल."

सोफावाले खुर्चीतून ताडकन उठले. गळ्यातला कागदी रुमाल तसाच. "आलं लक्षात! आमचा गट बुडवायचाय तुम्हा चिमटेवाल्यांना!"

"अहो, गटात तुम्ही एकटेच आहात."

"म्हणून तर सोपं आहे! एक दात उपटला की काम झालं!"

ते फोटो घेऊन तरातरा घरी आले आणि बायकोला म्हणाले, हा फोटो माझ्या दाताचा नाहीच. बायको म्हणाली, तुमचाच आहे, त्यात खिळा दिसतोय. खरंच एक खिळा दिसत होता. फोटो काढताना गालात राहून गेला होता.

यापुढे घरात शांतता नांदणं अवघडच होतं. त्यांची तक्रार एकच होती. सुळा गेला तर बोट टेकवायचं कुठे? आणि बायकोची तक्रार त्याहून साधी होती. सुळा राहिला तर जेवायचं कसं? तिने आपल्या भावाला बोलावलं. भाऊ आला तो हातात चकचकीत खोका घेऊनच.

"दाजी, भेट आणलीय. उघडा तरी."

आत चिमटा होता.

"हे तुझ्या बहिणीने सांगितलं?"

"ताई कशाला सांगेल? मला पण डोळे आहेत. तुम्ही दुधात बुडवल्याशिवाय बिस्किटसुद्धा खात नाही. हा लावा, दात काढा आणि मस्त जेवा. कानाखाली हात टेकवायचा, बस. कान कुठे पडतोय?"

सोफावाल्यांनी मेलेल्या पालीकडे पाहावं तसं खोक्याकडे पाहिलं. पण ठणक माणसाला काय काय करायला लावते! दुसऱ्या दिवशी दुपारी, क्लबात कुणी नसतं अशा वेळी, ते चिमटा खिशात लपवून गोदामात गेले. कुणी नव्हतं म्हणजे तसं नव्हतंच. एक डॉक्टरबाई तेवढ्या होत्या, पण त्या खांबाआड बाण पुसत होत्या.

सोफावाल्यांनी पट्टा बांधला, दोरी जबड्यात दिली आणि ओढायला सुरुवात केली. आता बोटांनी ओढायची जन्माची सवय. ओढता ओढता बोटं आपोआप आवळली गेली, पहिलं बोट घोड्यावर होतं, आणि दोरी अर्ध्या वाटेत असतानाच जबडा उघडला. बाण कुठेतरी छताकडे गेला. सोफावाल्यांची मूठ मात्र सगळ्या ताकदीनिशी मागे आली आणि नेमकी स्वतःच्याच सुजलेल्या गालावर बसली.

स्वतःच्या हातचा असा ठोसा खाल्लेला माणूस वाद घालायच्या मनःस्थितीत नसतो. खांबाआडून डॉक्टरबाई धावत आल्या, तेव्हा ते खाली बसून एवढंच म्हणाले, "काढा."

"इथेच?"

"दवाखान्यात काढा. पण एका अटीवर. नवा दात हुबेहूब त्याच जागी, त्याच उंचीचा हवा. केसाचाही फरक चालणार नाही."

"काका, केसाच्या मापाने मी दात कधी बसवला नाही."

"मग आता बसवा. आणि माप धनुष्यावर घ्यायचं, आरशात नाही."

अशी ही अट. सुळा निघाला, हिरडी भरून आली आणि नव्या दाताच्या मापासाठी सोफावाले धनुष्य खांद्यावर टाकून दवाखान्यात शिरले. बाहेर बाकावर एक बाई दाढ धरून बसल्या होत्या. माणूस दात दाखवायला शस्त्र घेऊन आलेला पाहून, आता अजिबात दुखत नाही असं सांगून त्या घरी निघून गेल्या.

आत खुर्ची सरळ करण्यात आली. डॉक्टरबाईंनी काढघाल करता येणारा दात बसवला, सोफावाल्यांनी बाण न लावता दोरी ओढली, बोट दाताला टेकवलं, आणि डॉक्टरबाई आरसा घेऊन त्यांच्या तोंडात वाकल्या.

"आता?"

"हंऽ."

"लांब आहे की आखूड?"

"हंऽ."

तोंडात बोट घालून ताणलेल्या धनुष्यासकट माणूस आणखी काय बोलणार? डॉक्टरबाईंनी हात टेकले आणि सोफावाल्यांच्या बायकोला बाहेरून आत बोलावलं.

"काकू, हे काय म्हणताहेत?"

बायकोने कान दिला. "लांब वाटतोय म्हणतात."

डॉक्टरबाईंनी दात काढून घासला आणि परत बसवला. पुन्हा दोरी, पुन्हा बोट. "हंऽ." "अजून थोडा लांबच म्हणतात." असं घासून घासून दंड भरून आले, सोफावाल्यांचेही आणि डॉक्टरबाईंचेही. शेवटच्या खेपेला सोफावाल्यांनी नाकातून एक लांब हुंकार दिला. बायकोने नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. दात मोठा छान दिसत होता. हसले असते तर शोभला असता.

"छान झालाय म्हणतात," ती म्हणाली.

स्पर्धेच्या दिवशी गोदाम माणसांनी फुललं होतं. पंच म्हणून वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षकसाहेब होते. या गृहस्थांनी उभ्या आयुष्यात एकही तराजू शंका घेतल्याशिवाय पास केला नव्हता. घरच्या घड्याळाचा लंबकही ते दर रविवारी तपासतात, असं लोक म्हणत.

सोफावाल्यांनी पहिला बाण सोडला. पिवळ्याच्या वर गेला. दुसरा वर. तिसराही वर. असे अर्धे बाण झाले, सगळे एकमेकांना खेटून, जणू फोटो काढायला उभे राहिलेले नातेवाईक.

शेजारून डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, दात लांब आहे! बोट खाली राहतंय, म्हणून बाण वर जातोय. त्या दिवशी तुम्हीच छान म्हणालात ना?"

"मी? मी म्हणालो अजून केसभर लांब आहे!"

दोघांनी एकदम वळून बाकावर पाहिलं. बायको पदराशी चाळा करत होती.

"बरा दिसतो हो तुम्हाला," ती म्हणाली. "इतकी वर्षं त्या पिवळ्या सुळ्याशी संसार केला मी."

डॉक्टरबाईंनी पर्समधून नखं घासायची कानस काढली, सोफावाल्यांनी दात काढून त्यांच्या तळहातावर ठेवला, आणि पांढऱ्या रेघेवर उभ्या उभ्या घासाघाशी सुरू झाली.

"थांबा!" निरीक्षकसाहेब चष्मा सावरत आले. "काय घासताय?"

"दात," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"कुणाचा?"

"काकांचा."

"तो काकांच्या तोंडात का नाही?"

"घासायला बाहेर काढलाय. नेम वर जातोय."

निरीक्षकसाहेबांचा चेहरा उजळला. असा मुद्दा निवृत्तीनंतर त्यांच्या वाट्याला पहिल्यांदाच येत होता. "म्हणजे दात घासला की नेम बदलतो?"

"अर्थात."

"मग हे यंत्र झालं. बोटांच्या गटात चामड्याचा तुकडा सोडून नेमासाठी बनवलेली कुठलीही वस्तू चालत नाही. आतापर्यंतचे बाण बाद."

"अहो, मग काकांच्या डोळ्यांवरचा चष्मा?" डॉक्टरबाई चिडल्या. "तोही बनवलेलाच आहे!"

"चष्मा बघायला आहे. दात टेकायला आहे. बघणं वेगळं, टेकणं वेगळं." त्यांनी सोफावाल्यांकडे वळून विचारलं, "चिमटेवाल्यांच्या गटात नाव घालू? त्यांना दात चालेल."

अर्धे बाण बाद. उरलेल्या अर्ध्यांत निम्मे गुण गाठायचे म्हणजे प्रत्येक बाण पिवळ्यात हवा, एकही बाहेर चालणार नाही. नाहीतर गट बंद आणि मनगटाला चिमटा. सोफावाल्यांनी डॉक्टरबाईंच्या हातातून दात घेतला, रुमालात गुंडाळला आणि बायकोच्या हवाली केला.

"जपून ठेव. तुला आवडतो ना!"

मग ते रेघेवर आले. दोरी ओढली. बोट सवयीने ओठांच्या कोपऱ्यातून आत गेलं, सुळा शोधू लागलं. सुळा नव्हता. पण बोट थांबलं नाही. ते आणखी आत सरकलं, आणि दोन दातांमधल्या रिकाम्या फटीत असं काही चपखल बसलं, जसा खिळा भोकात बसावा. ना वर, ना खाली. सुळ्यावर बोट नुसतं टेकायचं, घामाने कधी कधी घसरायचंही. इथून घसरायला वाटच नव्हती.

बाण सुटला. पिवळा.

पुढचाही पिवळा. त्याच्या पुढचाही. चिमटेवाले आपापले बाण सोडायचे विसरले. मेव्हणा "दाजी!" म्हणून ओरडला आणि बहिणीने त्याला चिमटा काढला, तो मात्र बोटांनी. शेवटचा बाण पिवळ्याच्या अगदी काठावर जाऊन रुतला. निरीक्षकसाहेब भिंग घेऊन गादीपाशी गेले, डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, श्वास रोखून पाहिलं.

"रेघेला लागलाय," ते म्हणाले. खोटं माप देणं त्यांच्या रक्तातच नव्हतं. "लागला म्हणजे आत. गट राहिला." आणि मग कागदावर शेरा मारता मारता, "पण बोट तोंडात किती आत घालायचं, याचा नियम करावा लागेल."

पुढच्या आठवड्यात क्लबातला एक चिमटेवाला डॉक्टरबाईंकडे गेला आणि हळूच म्हणाला, सुळा काढून द्या. दात ठणठणीत होता. डॉक्टरबाईंनी त्याला हाकलला आणि दवाखान्याच्या दाराला पाटी लावली: "नेमासाठी दात काढले जाणार नाहीत."

सोफावाल्यांचा नवा दात आता स्वयंपाकघरात पाण्याच्या वाटीत असतो. बायको रोज जेवायच्या वेळी वाटी त्यांच्यापुढे सरकवते.

"लावा की हो."

"नको. फट भरली की बोटाची सवय मोडते."

"अहो, समोर ताट आहे! ताटावर कसला नेम धरायचाय?"

"हंऽ," सोफावाले म्हणतात, आणि घास डावीकडे ढकलतात.