खंडेनवमीचा नारळ

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — का, ते विचारू नका.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. राहात्याकडच्या एका साखर कारखान्यात मी कार्डं पंच करायचो. कुणाच्या उसाची लागण कधीची, कुणाचा आधी तोडायचा — सगळं त्या भोकं पाडलेल्या कार्डांवर. ती पुण्याला कॉम्प्युटरकडे जायची, तिकडून तोडणीचा क्रम छापून यायचा. कार्डं गेली की हंगाम बोंबलला! म्हणजे दुसरी प्रत हवीच. पण कशी, कुठे? साहेब म्हणत, कागदावर छापून ठेवा — मग पुन्हा महिनाभर पंच करत बसा! आमचे वरिष्ठ दामूअण्णा दुसरा गठ्ठा पहिल्याच्याच कपाटात ठेवत. आणि कपाटच गेलं तर? मी माझा तिसरा गठ्ठा पत्र्याच्या डब्यात घालून ताईच्या घरी ठेवायचो.

"रामलक्ष्मनाची ताटातूट करतो व्हय रे?" अण्णा म्हणाले, आणि सगळं ऑफिस खदखदलं. लई झोंबलं मला ते.

मग खंडेनवमी आली. ज्याच्यावर पोट, त्याची पूजा. यंत्राला झेंडू, हळदकुंकू — आणि अण्णांनी दोन्ही गठ्ठे भक्तिभावानं यंत्रापुढे मांडले. दोन्ही! नारळ माझ्या हातात दिला. बाजूला दगड होता. तिथं फोडता आला नसता का?

आला असता. मी कार्डांवरच फोडला. "हात चुकला," म्हणालो. हात चुकला नव्हता. नारळही असा पाणीदार निघाला म्हणता! कार्डं फुगली, चिकटली, यंत्रात जाईनात. सगळ्यांचे चेहरे पडले — आणि मी सायकलवर टांग टाकली. ताईकडून डबा आणून टेबलावर आपटला तेव्हा काय टाळ्या पडल्या! हंगाम ठरल्या दिवशी सुरू झाला. माझी पद्धत जिंकली. ती बरोबरच होती — आजही आहे.

अण्णांना मात्र दोन्ही गठ्ठे एकत्र ठेवल्याबद्दल रस काढलेल्या उसाच्या चिपाडाच्या आवारात धाडलं. तिथल्या भुश्शानं त्यांचा खोकला निवृत्तीपर्यंत हटला नाही.

माझ्या सत्काराला हार साहेब घालणार होते. अण्णा पुढे आले. "मी घालतो. पोराचंच खरं हुतं." खरं सांगायला तेवढा एक क्षण होता — मी काय केलं? मान पुढे केली. आणि खोटं कशाला बोलू, इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता.