टाकीकडून खड्ड्याकडे जाणारी वाट

तिला सगळे नोंदणीबाईच म्हणत. एकवीस वर्षं एकाच टेबलापाशी बसून लोकांची स्वप्नं लिहून घेतल्यावर माणसाचं दुसरं नाव उरतच नाही. सकाळी सातला ती कचेरीची खिडकी उघडायची, तेव्हा रांगेतला पहिला माणूस धड तोंडही न धुता येऊन उभा असायचा. "बोला, कुठून कुठे गेलात?" मान वर न करता ती एवढंच विचारायची.

त्या देशात माणसं आपापल्या घरी झोपत, पण स्वप्नात मात्र सगळी एकाच मुलखात जात. त्या मुलखाला 'पलीकडे' म्हणत. पलीकडे अंतर पावलांनी मोजता येत नसे. ज्या दोन गोष्टी पुष्कळ जणांच्या मनात एकमेकींना धरून असतील, त्या तिथे शेजारी शेजारी येत. शाळेच्या फाटकाला लागूनच चांभाराचं दुकान होतं, कारण शाळेचा पहिला दिवस म्हटला की चावणारे नवे बूट सगळ्यांनाच आठवत. न्हाव्याच्या खुर्चीतून उठलं की समोर फोटोवाल्याचा पडदा लागे. एकाच माणसाने दोन गोष्टी जोडल्या तर नुसती पाऊलवाट पडे, ती त्याच्याशिवाय कोणाला दिसत नसे. दहा जणांनी जोडल्या तर वाट, आणि सगळ्या गावाने जोडल्या तर चांगला गाडी जाईल एवढा रस्ता.

या वाटा बहुतेक निरुपद्रवी असत. पण पलीकडे एक खड्डाही होता. गावाला ज्या ज्या गोष्टींची भीती वाटे, ती सगळी वाहत जाऊन तिथे साचे. त्यात उतरलेला माणूस दुपारपर्यंत जागा होत नसे आणि जागा झाला तरी दिवसभर कामाचा राहत नसे. म्हणून ही कचेरी. रोजच्या जबान्यांवरून नकाशा काढायचा, आणि कोणत्या वाटा टाळाव्यात ते दर आठवड्याला बाहेरच्या फळ्यावर लिहायचं.

एके दिवशी विणकरीण आपल्या आठ वर्षांच्या मुलीला हाताला धरून घेऊन आली. मुलगी आदल्या दिवशी दुपारी एकपर्यंत उठली नव्हती.

"मला तहान लागली," मुलगी म्हणाली. "म्हणून टाकीवर गेले. टाकीच्या मागेच खड्डा होता."

नोंदणीबाईचं पेन थांबलं. टाकी म्हणजे गावाची पाण्याची टाकी, लोखंडी खांबांवर उभी असलेली. तहान कोणाला लागत नाही? पलीकडे जाणारा प्रत्येक जण कधी ना कधी टाकीवर जायचाच. आठवडाभरात अशा आणखी तीन जबान्या आल्या, तिन्ही मुलांच्या.

मोठ्या साहेबांनी तिला आत बोलावलं. "टाकी आणि खड्डा शेजारी आले कसे? मूळ शोधा. पहिल्यांदा कोणाच्या मनात हे जुळलं आणि का, ते मला लेखी पाहिजे. लोकांच्या मनात उगाच काही जुळत नसतं, बाई."

"नाही, साहेब," ती म्हणाली.

तिने तिथेच सांगायला हवं होतं की टाकी सांभाळणारा टाकीवाला माझा भावजी लागतो. ती बोलली नाही. उलट कागद घेऊन परत येताना तिला बरंच वाटलं. अकरा वर्षं तिच्या मनात जे होतं, ते आता सरकारी काम झालं होतं.

अकरा वर्षांपूर्वी तिची ताई टाकीच्या शिडीवरून पडून वारली. दुपारची वेळ, स्वच्छ ऊन. भावजी वर होते. ताईला शिडी चढायचं कारणच काय होतं, हे कोणालाच कळलं नाही. भावजींना विचारलं तर ते म्हणायचे, "मी पाहिलं नाही." तेव्हाच नोंदणीबाईच्या मनात पाल चुकचुकली. बायको पडते आणि नवऱ्याला दिसत नाही? पुढे भावजींची रात्रपाळी सुरू झाली तेव्हा तिने आठ वर्षांच्या भाचीला आपल्याकडे आणलं, आणि हळूहळू त्या घराशी बोलणंच टाकलं. भाचीला घरात छोटी म्हणत. छोटी आता एकोणीस वर्षांची होती आणि लहान मुलांच्या शाळेत शिकवत होती.

नोंदणीबाई कामाला लागली. रांगेतल्या प्रत्येकाची जबानी घेऊन झाली की ती एक प्रश्न जास्तीचा विचारू लागली. "टाकीच्या बाजूला गेला होतात का? तिथे काही वावगं दिसलं?"

"नाही बुवा," भट्टीवाला म्हणाला. "का? पाण्यात काही आहे का?"

"मी फक्त विचारते आहे."

दुसऱ्या दिवशी तोच भट्टीवाला डोळे चोळत आला आणि म्हणाला, "बाई, होता हो खड्डा तिथे."

पहिल्या आठवड्यात बारा जण निघाले. दुसऱ्या आठवड्यात चाळीस. लोक टाकीखालून जाताना वर बघू लागले. कोणी म्हणालं पाण्याला वास येतो, कोणी म्हणालं टाकीवाला कोणाशी बोलत का नाही ते आता कळलं. काही घरांत लोक पाणी दोनदा उकळू लागले. नोंदणीबाई रोज संध्याकाळी आकडा बघायची आणि तिची खात्री पटत जायची. गावाला काहीतरी जाणवतंय. कुठेतरी पाणी मुरतंय.

मग तिच्या नजरेला घरातलीच एक गोष्ट खुपली. कपडे धुताना छोटीच्या बाहीवर तिला तांबूस डाग दिसला. गंजाचा. शाळेत गंज कुठून येणार?

"हा डाग कसला गं?"

"फाटकाचा असेल," छोटी वहीतून डोकं न काढता म्हणाली.

शाळेचं फाटक लाकडी होतं. त्या दिवसापासून नोंदणीबाई भाचीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवू लागली. बुधवारी छोटीला यायला उशीर होतो. बुधवारी ती घरी जेवत नाही, भूक नाही म्हणते. बुधवारी तिचे केस वाऱ्याने विस्कटलेले असतात. ज्या पोरीला आपण लहानाची मोठी केली, तिची आपण आरोपीसारखी नोंद ठेवतो आहोत, हे तिला कळत होतं. तरी ती ठेवत होती.

पुढच्या बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून ती शाळेच्या कोपऱ्यावर उभी राहिली. छोटी बाहेर पडली ती घराकडे न वळता सरळ टाकीकडे गेली. नोंदणीबाई मागोमाग पोचली तेव्हा भाची शिडीच्या मध्यावर होती.

"खाली उतर," नोंदणीबाई म्हणाली.

छोटीने खाली पाहिलं. "मावशी, तू सरक बाजूला. मी येते." ती एकेक पायरी बघत, दोन्ही हातांनी धरत उतरली. मागून भावजीही उतरले. अकरा वर्षांत त्यांचे केस पार पांढरे झाले होते.

"किती दिवस चाललंय हे?" नोंदणीबाईने भाचीला विचारलं.

"दोन वर्षं. दर बुधवारी बाबांबरोबर जेवते. वर."

"आणि मला पत्ता नाही."

"तुला सांगितलं असतं तर तू येऊ दिलं असतंस?"

ती भावजींकडे वळली. "हिच्या आईला घालवलंत त्याच शिडीवर मुलीला चढवता? भावजी, त्या दिवशी काय झालं ते आज तरी सांगा. मी कचेरीच्या कामाने विचारते आहे."

भावजी खालच्या चौथऱ्यावर बसले. "कचेरीच्या कामाने विचार, नाहीतर तुझ्या ताईची बहीण म्हणून विचार, उत्तर तेच आहे. मी आत होतो, पाणी किती आहे ते बघत. आवाज आला म्हणून बाहेर आलो. मी पाहिलं नाही. अकरा वर्षं सगळ्यांना वाटतंय मी काहीतरी लपवतोय. लपवायला मी काही पाहिलंच नाही गं."

"ती चढलीच कशाला?"

"दर आठवड्याला चढायची. तिला वरून गाव बघायला आवडायचं."

"मला कधी बोलली नाही."

"तिनेच बजावलं होतं. म्हणायची, धाकटीला सांगू नका, ती धास्ती घेते."

नोंदणीबाईला हे पटलं नाही. मेलेल्या माणसाच्या नावावर काय वाटेल ते खपवता येतं. मग छोटी म्हणाली, "मीसुद्धा जायचे आईबरोबर. मला ती पाठीला कापडाने बांधून न्यायची. मोठी झाल्यावर पुढे घालून. मला आठवतंय."

"आजवर सांगितलं नाहीस."

"तू विचारलंच नाहीस, मावशी. तू फक्त जाऊ नको म्हणायचीस. रस्त्याने जातानासुद्धा टाकी आली की तू माझा हात इतका घट्ट धरायचीस की दुखायचा. मीही मग तेच करते. वर्गातल्या पोरांना सहलीला नेताना टाकीपाशी आलो की मी सांगते, इकडे जायचं नाही, पळा पुढे."

"आणि स्वतः चढतेस?"

"बाबा वर असतात म्हणून चढते. भीती वाटतेच."

नोंदणीबाई तिथून घरी न जाता कचेरीत गेली. तिला वाटत होतं, बाप-लेकीने संगनमत केलंय. अकरा वर्षांपूर्वीच्या जबान्या काढल्या तर भावजींच्या तोंडचंच काहीतरी सापडेल. त्या महिन्याचे गठ्ठे मागच्या खोलीत, छताला टेकलेल्या फडताळात होते. स्टूल घेऊन तिने ते उतरवले आणि टाकी हा शब्द शोधत एकेक कागद उलटू लागली. भावजींच्या जबान्या होत्या. टाकीवरून ते रोज एका अंगणात जात होते, तिथे ताई केस वाळवत बसलेली असे. महिनाभर रोज तेच. दुसरं काही नाही.

मग एक कागद निघाला ज्यावरचं अक्षर ओळखायला तिला वेळ लागला नाही. कचेरीत काम करणाऱ्यांनाही रोज स्वतःची जबानी लिहावी लागे, आणि ती लिहून कोणी पुन्हा वाचत नसे. ताई गेली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा कागद होता. 'टाकी. मागे खड्डा.' खाली तिची सही. पुढच्या आठवड्यात पुन्हा. तिने नंतरचे गठ्ठेही उतरवले. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी, तेच. अकरा वर्षं ती एकटी त्या पाऊलवाटेने खड्ड्याच्या काठापर्यंत जात होती आणि सकाळी उठून झोपेतच लिहून टाकत होती.

ती जमिनीवर बसली. विणकरणीची मुलगी छोटीच्या वर्गात होती. पहिल्या आठवड्यातली ती तिन्ही मुलंही. भट्टीवाल्याला मात्र टाकीचं काही पडलेलं नव्हतं, तिने विचारेपर्यंत. चाळीस जणांपैकी तीसपस्तीस तरी तिनेच खिडकीत बसून, एकेकाला विचारून, त्या वाटेला लावले होते.

दुसऱ्या दिवशी तिने अहवाल लिहिला. 'मूळ' या रकान्यात 'नोंदणीबाई, स्वतः' असं लिहिलं. 'कारण' या रकान्यात तिने दोनदा लिहून खोडलं. शेवटी तिने लिहिलं, 'बहीण गेली. कोणावर तरी राग काढायचा होता.' भावजींशी असलेलं नातंही तिने खाली नोंदवलं.

मोठ्या साहेबांनी अहवाल दोनदा वाचला आणि चष्मा काढला. "बाई, हे फळ्यावर लावलं तर लोक म्हणतील टाकीवाल्याला वाचवायला बाई पुढे झाली. तुमचा भावजीच ना तो."

"म्हणू देत. पण लावा."

लोक तसंच म्हणाले. आठ दिवस खिडकीपुढे कुजबुज चालली होती. नियमाप्रमाणे तिचं जबान्या घेण्याचं काम काढून तिला मागच्या खोलीत गठ्ठे बांधायला बसवलं. वाट काही फळ्यावर लिहिल्याने मिटत नाही, हे तिला एकवीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. टाकीचा विचार करू नका म्हटलं की माणसं टाकीचाच विचार करतात. टाकी म्हटल्यावर त्यांना दुसरं काहीतरी आठवायला हवं.

सुटीच्या दिवशी ती छोटीबरोबर टाकीवर गेली. शिडीची पहिली पायरी धरण्याआधी तिने दोन्ही हात पदराला पुसले. वर भावजी, खाली छोटी, मध्ये ती.

"खाली बघू नकोस," भावजी म्हणाले.

"मला शिकवू नका," ती म्हणाली. पण तिने बघितलं नाही.

वर वारा होता. गाव ताटात मांडल्यासारखं दिसत होतं. तिच्या घराचं छप्पर, कचेरीची मागची खिडकी, शाळेच्या पटांगणावर वाळत घातलेल्या सतरंज्या. ताईला काय आवडत असेल ते तिला थोडं कळलं, सगळं नाही. कठडा घट्ट धरून ती अर्धा तास उभी राहिली आणि नंतर दोन दिवस तिची पोटरी दुखत होती.

छोटीने विणकरणीला समजावलं, विणकरणीने दुसऱ्या आयांना. पुढच्या महिन्यात वर्गातली मुलं दोरी बांधून, दोघादोघांनी टाकीवर गेली. भावजींनी प्रत्येकाला त्याचं घर बोटाने दाखवलं. विणकरणीची मुलगी खाली आल्यावर आईला म्हणाली, आपल्या छपरावर चेंडू पडलाय. भट्टीवाला आपल्या धुराड्यावर कावळ्याने घरटं केलंय का ते बघायला आपणहून चढला. पाऊलवाटा अशा हळूहळूच पडतात. सहा महिन्यांनी नव्या नकाशावर टाकीपासून छपरांकडे जाणारी एक बारीक रेघ आली. खड्ड्याकडची वाटही होती, पण गवत माजलेली. तिच्यावरून आता तिघेचौघेच जात. त्यांत नोंदणीबाईही असे, आणि ते ती रोज प्रामाणिकपणे लिहून देई.

भावजी आता महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जेवायला येतात. बोलणं बेताचंच होतं. ते हात धुतात, बसतात, वाढलेलं सगळं संपवतात. नोंदणीबाई समोरून त्यांच्याकडे बघत राहते. इतक्या वर्षांची सवय, एका जबानीने जात नाही.

"अजून बघतेस," एकदा भावजी म्हणाले.

"बघते."

"बघ," ते म्हणाले, आणि पाण्याचा तांब्या तिच्याकडे सरकवला.