दहाव्या मजल्यावरचं गाणं

काही माणसांना शिंक येते तसे मला प्रश्न येतात. आवरता येत नाहीत, आणि आल्यावर आजूबाजूच्यांचं काहीतरी उडतं. त्या संध्याकाळी चनमल्लप्पांचं जे उडालं ते मात्र रुमालानं पुसता येण्याजोगं नव्हतं.

आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिक मंडळानं जुन्या गाण्यांचा कार्यक्रम ठेवला होता आणि त्याचा सूत्रधार मी. सूत्रधार म्हणजे पाहुण्यांना स्टेशनवरून आणणारा, खुर्च्या पुसणारा आणि हार कमी पडला तर एकच हार दोघांच्या गळ्यात फिरवणारा माणूस. पाहुणे होते पुण्याचे एक निवृत्त निवेदक. नाव सांगत नाही. माणूस गोड आहे, वयही झालंय. चाळीस-पंचेचाळीस वर्षांपूर्वी रेडिओवर दर बुधवारी संध्याकाळी त्यांचा ‘दस मंझिल’ नावाचा, श्रोत्यांनी पोस्टकार्डावर पाठवलेल्या मतांवरून गाण्यांचे क्रम लावणारा कार्यक्रम लागायचा. त्याच्या आठवणी सांगून साहेबांनी तासभर रंगत आणली. कार्यक्रम संपत आला, लोक पायांनीच खुर्चीखालच्या चपला चाचपायला लागले, आणि मला शिंक आली.

“साहेब,” मी म्हणालो, “पहिल्या रांगेत आमचे चनमल्लप्पा बसलेत. ‘दस मंझिल’ला सोलापुरातून ह्यांच्याइतकी कार्डं कुणी पाठवली नसतील. त्यांच्या कार्डांनी गाणी कशी वर चढायची, तेवढं सांगा की!”

आणि माइक साहेबांच्या हातात दिला.

साहेब दिलखुलास हसले. “अहो, कार्डं कोण मोजत होतं? पोती भरून यायची! तोंडाशी जी चार हाताला लागतील त्यांची नावं वाचायची, बाकी सगळी रद्दीत. कुठलं गाणं कितव्या मजल्यावर, ते आम्ही तिघं चहा पिता पिता ठरवायचो. रेकॉर्ड काढणाऱ्या कंपन्यांची माणसं यायची, त्यांचाही मान ठेवायला लागायचा ना!”

सभागृह खो खो हसलं. एका वयानंतर माणसाला जुन्या फसवणुकीचंही कौतुक वाटायला लागतं. हसली नाहीत ती दोनच माणसं. एक पहिल्या रांगेतले चनमल्लप्पा आणि दुसरे शेवटच्या रांगेतले येडूअण्णा. ह्या दोघांच्या मधे सगळ्या रांगा होत्या आणि पंचेचाळीस वर्षांचा अबोला होता.

चनमल्लप्पा उठून उभे राहिले. “मंग आमी केलं ते काय होतं?” त्यांनी विचारलं.

साहेबांना कमी ऐकू येतं, त्यात सभागृह अजून हसत होतं. ते हात जोडून म्हणाले, “धन्यवाद, धन्यवाद.”

अप्पांनी मंडळानं सुरुवातीला पांघरलेली सत्काराची शाल काढली, नीट चौघडी केली, खुर्चीवर ठेवली आणि ते निघून गेले. मी परत घेतलेला माइक हातात धरून उभा. बाजारात पाकीट मारलेला माणूस जसा खिसा पुन्हा पुन्हा चाचपतो, तसा मी तो माइक बंद-चालू करत राहिलो.

चनमल्लप्पा म्हणजे सहा फुटांचा, वाळक्या शेवग्यासारखा माणूस. उभा जन्म अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या मागावर गेला. मागावरच्या माणसांचा आवाज कायमचा चढा राहतो. अप्पांनी घरात मीठ मागितलं तर शेजारची बाई वाटी घेऊन येते. पण हा माणूस मुळात कमी बोलणारा, आणि जे बोलेल ते सरळ. बाजारात कांदा निवडताना खराब निघालेला कांदा परत ढिगात न टाकता बाजूला ठेवेल, पुढच्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत जाऊ नये म्हणून. भाजीवाल्या त्यांना येताना बघूनच तोंड फिरवतात.

त्यांच्या तरुणपणी ‘दस मंझिल’नं शहराला वेड लावलं होतं. त्यात सिनेमाची गाणी नसायची. ताटलीएवढ्या लहान तबकड्या निघायच्या, एका अंगाला एक गाणं. असली गिटार-ढोलकांची, तरण्या पोरांची गाणी. दर आठवड्याला दहा गाणी दहा मजल्यांवर राहायला यायची. कुणी वर चढायचं, कुणी खाली यायचं, कुणाला घर सोडावं लागायचं. वर्षाच्या शेवटी जे सगळ्यांच्या वर जाईल त्याला ‘छत’ मिळायचं. त्या काळी दहा मजली इमारत आमच्यातल्या कुणी पाहिलेली नव्हती. त्यामुळे गाणं नक्की किती उंच गेलं ह्याचा अंदाज लोक मिलच्या चिमणीवरून करायचे.

आणि साहेब दर बुधवारी सांगायचे, “आपके वोट से, सिर्फ़ आपके वोट से.”

हे ‘सिर्फ़’ चनमल्लप्पांनी मनावर घेतलं. बुधवारी संध्याकाळी शेडबाहेरच्या चहाच्या टपरीवर सगळे रेडिओ ऐकायचे, आणि गुरुवारी अप्पा शेडमधे मतदान घ्यायचे. आता, माग चालू असताना कानाला तोंड लावून ओरडलं तरी ऐकू येत नाही. म्हणून विणकर हातांनी बोलतात. सूत तुटलं, चहा आला, आज पोराचं बारसं आहे, सगळं हातांनी. मालक आला ह्याची खूण इथे सांगत नाही, तिच्यात पोटाचा आकार येतो. तशीच प्रत्येक गाण्याला खूण ठरलेली. ‘नीली खिडकी’ नावाचं एक संथ गाणं होतं, त्याला दोन्ही हातांची चौकट. ‘चल मेरी टमटम’ म्हणून एक उडतं गाणं होतं, त्याला लगाम ओढल्याची खूण. अप्पा ओळीनं मागांसमोरून जायचे, विणकर एका हातानं माग सांभाळत दुसऱ्या हातानं मत द्यायचा. खिडकीला दोन हात लागायचे, म्हणून खिडकीवाले क्षणभर माग सोडायचे. एवढी त्या गाण्यावर माया. ज्याला लिहिता येत नाही त्याचं कार्ड अप्पा लिहायचे, पण मत त्याचंच. ज्ञानबा नावाच्या एकाची दोन बोटं तुटलेली होती. त्याचं मत अर्धं धरावं का, अशी चेष्टा चालायची. अप्पा पूर्ण धरायचे.

येडू हा समोरच्या मागावरचा. तेलुगू घरातला, गोरापान, अक्कडबाज मिशीचा. दोघांची दोस्ती अशी, की एकाला शिव्या दिल्या तर दुसरा उत्तर द्यायचा. आणि दोघांचाही जीव ‘नीली खिडकी’वर. अप्पांनी तर ती तबकडी विकत आणली होती. वाजवायचं यंत्र नव्हतं. तबकडी देवाशेजारी ठेवलेली असायची.

त्या वर्षी छतासाठी झुंज लागली ती खिडकी आणि टमटम ह्यांची. येडूनं टपरीवर सगळ्यांसमोर सांगितलं, “खिडकीला छत मिळालं न्हाई तर मिशी काढतो बे!” त्याचं लग्न महिन्यावर आलेलं. असल्या दिवसांत माणूस काहीही बोलतो.

शेवटचं मतदान झालं. शेडमधे नवी पोरं भरती झाली होती, त्यांनी धडाधड लगाम ओढले. टमटम पुढं गेली. अप्पा मतं घेऊन वळले, तेव्हा येडूनं समोरून खूण केली. दोन हातांची चौकट. मग मूठ आपटून शिक्का मारल्याची खूण, एकदा, दोनदा, कितीतरी वेळा. मग डोळा मारला. म्हणजे, टाक की चार-पाच खोटी कार्डं खिडकीची, कोण बघतंय.

कोण बघतंय? सगळं शेड बघत होतं! गोंगाटात ओरडून सांगितलेलं कुणालाच ऐकू येत नाही; पण हातांनी बोललेलं म्हणजे दवंडी. येडूच्या ते ध्यानातच आलं नाही. आणि अप्पांनीही उत्तर दिलं ते हातांनीच. स्वतःचे दोन्ही कान धरले, मग सिद्धेश्वराच्या देवळाच्या दिशेला बोट केलं, मग तेच बोट येडूकडं करून मान हलवली: देव बघतोय, तू सांगतोस ते पाप मी करणार नाही. सगळं शेड हसलं. आवाज नाही, नुसती उघडी तोंडं, ओळीच्या ओळी.

पुढच्या बुधवारी टमटमला छत मिळालं. त्यात भर म्हणजे साहेबांनी नाव वाचलं, “सोलापुर से चनमल्लप्पा और साथी.” टपरीवर टाळ्या पडल्या. येडूनं दुसऱ्या दिवशी मिशी काढली, महिन्याभरात शेड बदललं, आणि अप्पांशी तोंडानं किंवा हातानं पुन्हा काही बोलला नाही. अप्पांनी हे सगळं सोसलं ते एका गोष्टीवर. आवडतं गाणं गेलं, दोस्त गेला, पण मत जसं पडलं तसं पोचलं.

पोचलं नव्हतं. रद्दीत गेलं होतं. आणि हे त्यांना कळलं ते माझ्या शिंकेमुळं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेंगापोळ्या घेऊन त्यांच्या घरी गेलो. शिवबाई, म्हणजे अप्पांची बायको, दारातच भेटल्या.

“काय केलास रे तम्मा हे?” त्या म्हणाल्या. “कालपासनं बोलंनात. मी म्हणलं बरंच हाय, कानाला आराम. पर रात्री जेवलं बी न्हाईत.”

“काकू, मला काय माहीत तो माणूस असं—”

“तुला न्हाई माहीत? मग माइक कशाला देतोस? पोराच्या हातात काडेपेटी देतंय का कुणी?” त्यांनी शेंगापोळ्या मात्र घेतल्या. “लग्न होऊन आले तर मला म्हणाले, हे बघ, आपल्याकडं तबकडी हाय. म्हणलं वाजवा की. तर म्हणे यंत्र न्हाई. आता कळलं, ह्यांच्या त्या साहेबाकडं बी कार्डं होती, वाचायला डोळं न्हवतं. सारखेच दोघं!”

“शिवबाय,” आतून आवाज आला, गल्लीभर. “त्याला आत सोड.”

अप्पा खाटेवर बसले होते. रेडिओ फडताळात नव्हता; पिठाच्या डब्यामागं उलटा करून ठेवलेला दिसला, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

“हे बघ,” ते म्हणाले, “गाणं कुटलंबी वर नेऊ दे की. त्यांचा रेडिओ हाय, त्यांची मर्जी. मालक चादरीवर मोर काढ म्हणला तर आमी मोर काढतो, वाघ काढ म्हणला तर वाघ. इचारतो का? पर मालक कधी असं म्हणला न्हाई, की तुमचं मत द्या म्हणून. ह्यांनी दर बुधवारी मागितलं. मागायचं कशाला?”

त्यांनी खाटेवरच्या चादरीची सुरकुती तळहातानं सरळ केली.

“आणि हसला रे तो. फसवलं त्याचं एक येळ जाऊ दे. पर हसला. आमच्या गावात येऊन, आमच्याच हातचा हार घालून.”

हार एकच होता आणि तो आधी अप्पांच्या गळ्यात फिरवून आणला होता, हे सांगायची ती वेळ नव्हती.

परतताना कोपऱ्यावर येडूअण्णांनी मला गाठलं. ते तिथे बहुधा सकाळपासून उभे होते. मिशी आता पांढरी, पण पुन्हा तीच, अक्कडबाज.

“काय बे, चन्याकडं गेलतास?”

“गेलो होतो.”

“काय म्हणला?”

“वाईट वाटलंय त्यांना.”

“त्याला वाईट वाटलं! आणि मला? माझी मिशी फुकट गेली बे! लग्नाच्या फोटोत बघ माझ्या. सासरची माणसं इचारायला लागली, नवरदेव कुटं हाय, हा धाकटा भाऊ दिसतोय म्हणून.” मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. “रागावलो मी, खरं हाय. भर शेडमधे बोट केलं त्यानं माझ्याकडं. वाटलं, दोस्तापेक्षा ह्याला रेडिओ मोठा. आता कळतंय, तितं कुणी बसलंच न्हवतं ऐकायला. आमी दोघं रिकाम्या खोलीसाठी भांडलो की बे.”

अण्णांनी अप्पांच्या गल्लीकडं एकदा बघितलं.

“तू जा,” ते माझ्या खांद्याला धरून म्हणाले. “त्याला सांग, भांडणाला मूळच उरलं न्हाई. येडू हितं कोपऱ्यावर हाय म्हण. चहाला ये म्हण. न्हाईतर मी येतो म्हण. वय झालं आता दोघांचं. मागच्या महिन्यात मी दवाखान्यात होतो, तेव्हा वाटलं होतं हा येईल. न्हाई आला. सांग त्याला एवढं.”

त्यांचे डोळे भरले होते. मी धावतच परत गेलो. म्हटलं, आपण बिघडवलं, आता आपल्याच हातनं जुळतंय. देव काही अगदीच निर्दय नाही. शिवबाईंनी मला परत बघून विचारलं, “आता काय राहिलं रे? आणखी एखादा माइक?” मी हात जोडले आणि सरळ खाटेशी गेलो.

“अप्पा, येडूअण्णा कोपऱ्यावर उभे आहेत. चहाला बोलावतायत.”

अप्पांनी मान वर केली. मी दवाखान्याचंही सांगितलं, तसे त्यांचे ओठ हलले. शिवबाई हातातला पोळपाट तसाच धरून दारात थांबल्या. गल्लीत एक सायकल वाजत गेली. मला वाटलं, झालं, उठलेच आता. आणि नेमकी तेव्हाच मला शिंक आली.

“अप्पा,” मी म्हणालो, “ज्या कार्डांवरून तुम्ही दोघं भांडलात, ती कुणी मोजलीच नाहीत. चार खोटी टाकली असती तरी काय फरक पडला असता? म्हणजे येडूअण्णांचंच बरोबर होतं की नाही?”

अप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि साऱ्या गल्लीला, पार कोपऱ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

“रेडिओ खोटा निघाला म्हणून येडू खरा झाला व्हय?”